एकच मळा, साल निरनिराळं

एकाच इस्टेटीच्या वेगवेगळ्या वर्षांच्या रेड वाइन ओळीने मांडून चाखायच्या, याला व्हर्टिकल टेस्टिंग म्हणतात. बोर्दोजवळच्या पोयाक गावातल्या शातो लातूरसारखं (मराठवाड्याशी संबंध नाही) घराणं असेल, तर लोक लगेच पहिला-दुसरा नंबर लावायला बसतात. माझ्या मते घोळ तिथेच सुरू होतो. मळा तोच, मुख्य द्राक्ष तेच. बदललेलं असतं ते हवामान, आणि चाखायचं असतं तेच.

आधी सालाचं पाहू. लेबलवरचं साल बाटली भरल्याचं किंवा विक्रीचं नसतं, द्राक्ष तोडणीचं असतं. लातूरची वाइन त्यानंतर साधारण दीड वर्ष ओकच्या पिंपात असते. शिवाय २०१२ पासून या घराण्याने पिंपातली वाइन आगाऊ विकण्याची बोर्दोतली जुनी रीत सोडली. पिण्याजोगी झाली असं वाटलं की मगच ती बाजारात आणतात.

‘बोर्दोच्या १८५५ च्या प्रतवारीत अव्वल ठरलेलं घराणं, म्हणजे वाइन दरवर्षी सारखीच,’ हा समज सर्वांत पक्का. खरं तर बोर्दोत वेलींना पाणी द्यायला सहसा परवानगी नसते. आपल्याकडच्यासारखं ठिबक नाही, त्यामुळे पाऊस येईल तो आणि तेवढाच. फुलोऱ्यात थंडी-पाऊस आला की मिश्रणातल्या मर्लो द्राक्षाची फुलं गळतात आणि घड विरळ राहतात. २०१३ साली हेच झालं. मणीगळ म्हणजे काय, हे निफाड-दिंडोरीच्या बागायतदाराला समजावून सांगायला नको. अशा वर्षी मिश्रणातला मुख्य द्राक्षाचा, म्हणजे काबर्ने सोव्हिन्योंचा वाटा वाढतो. लातूरमध्ये हा वाटा कधी ८० टक्क्यांच्या आसपास, तर कधी ९० च्या पुढे असतो. म्हणजे नाव एक असलं तरी मिश्रणसुद्धा दरवर्षी तेच नसतं.

त्यातही मळ्याची जागा आपलं काम करतेच. मुख्य वाइन ज्या ‘लाँक्लो’ नावाच्या तुकड्यातून येते, तो जिरोंद नदीच्या अगदी काठाशी आहे. एप्रिल १९९१ मध्ये दव गोठून बोर्दोतले कोवळे कोंब करपले, तेव्हा नदीच्या उबेने इथली हानी तुलनेने कमी झाली. २००३ च्या उन्हाळ्यात युरोप भाजून निघाला. पण इथे वरच्या वाळूगोट्यांखालच्या चिकणमातीने ओल धरून ठेवली होती, आणि त्या सालाची लातूर नावाजली गेली. ‘वाईट साल’ ही सगळ्या जिल्ह्याची सरासरी असते, एका मळ्याचा निकाल नव्हे.

‘जितकी जुनी तितकी भारी’ हे तर जगातल्या बहुतेक वाइनला लागूच पडत नाही. ती दोन-चार वर्षांत पिऊन टाकायचीच असते. लातूर टिकते ती टॅनिनमुळे. सालींतून आणि बियांतून आलेलं हे तुरट द्रव्य कालांतराने एकत्र येऊन तळाशी बसतं आणि वाइन मऊ होते. पण फळाचा गंधही त्याबरोबर उतरत जातो, त्यामुळे प्रत्येक सालाची उतरण वेगळी. पांढऱ्या कागदावर ग्लास तिरका धरा. कोवळ्या सालाची कड जांभळट दिसेल, मुरलेल्याची विटकरी. जुन्या बाटलीतला गाळ पाहून वाइन बिघडली असं समजणारे अनेकजण भेटतात. बाटली आदल्या दिवशी उभी ठेवावी, मानेखाली दिवा धरून हळूहळू ओतावी आणि काळी रेघ मानेपाशी आली की थांबावं, एवढंच.

चाखताना नव्याकडून जुन्याकडे जायचं की उलट, याचा पक्का नियम नाही. थुंकणं मात्र असभ्य नाही, गरजेचं आहे. सहाव्या ग्लासानंतर सगळीच सालं छान लागतात!

‘ले फोर द लातूर’ म्हणजे उरलंसुरलं, हाही असाच एक समज. १९६६ च्या सालापासून काढलेली ही दुसरी वाइन मुख्यतः लाँक्लोबाहेरच्या तुकड्यांतून आणि तरुण वेलींतून येते. तिचीही व्हर्टिकल मांडता येते, आणि खिशाला पहिलीइतकी जड नाही.

शेवटचा मुद्दा तापमानाचा. ‘रेड वाइन खोलीच्या तापमानाला’ हा सल्ला गारठलेल्या युरोपीय घरांचा आहे, म्हणजे १६ ते १८ अंश. मे महिन्यातल्या मुंबईत खोलीच्या तापमानाची वाइन ओतली, तर नाकात आधी अल्कोहोलच शिरतो आणि दोन सालांतला फरक कळेनासा होतो. तेव्हा बाटली अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवा, लातूर असली तरी.