जळक्या माथ्यावरचा डबा

अमेरिकेने नागरी जीपीएसमध्ये मुद्दाम ठेवलेली खोट मे २०००च्या सुरुवातीला काढली आणि ३ मेला ऑरेगनमध्ये अक्षांश-रेखांशांवरून शोधायचा पहिला डबा लपवला गेला, तेच जिओकॅशिंग. धुळ्याजवळच्या लळिंग किल्ल्यावर किंवा यावलच्या सातपुड्यात हा खेळ खेळायचा, तर आधी वणव्याचा विचार. वणव्याचा हंगाम १५ फेब्रुवारी ते १५ जून. प्लास्टिकचा डबा वितळतो, आतली नोंदवही जळते. पत्र्याचा बरा, तोही खडकाच्या कपारीत. गवत जळालेल्या उतारावर मुरूम पायाखालून सटकतो. भर उन्हात चढणे तर वेडेपणाच! गंमत म्हणजे उपग्रहाला दिसलेली आगही वनखात्याला अक्षांश-रेखांशांतच कळते. उपग्रहावरच्या व्हीआयआयआरएस संवेदकाचा एक ठिपका ३७५ मीटरचा. अभयारण्यात परवानगी आधी घ्यावी. धूर दिसल्यास वनखात्याची हेल्पलाइन : १९२६.