विणकराचा मुलगा आणि ग्रीक भाषा

रिचर्ड पोर्सन हे नाव आपल्याकडे फारसे कुणी घेत नाही. मी ते घेतो आहे, कारण ज्ञान कुणाचे, हा प्रश्न त्याच्या आयुष्यात उघडाच पडलेला दिसतो.

२५ डिसेंबर १७५९ रोजी इंग्लंडच्या नॉरफोक परगण्यातील ईस्ट रस्टन या खेड्यात तो जन्मला. बाप विणकर, शिवाय गावच्या चर्चचा कारकून. बापाने तोंडी गणिते घालून मुलाची स्मरणशक्ती घडविली. गावच्या पाद्र्याने हुशारी हेरली, धनिकांनी वर्गणी केली आणि पोरगा ईटनला, तेथून केंब्रिजच्या ट्रिनिटी कॉलेजात गेला. उपकाराने उघडलेले दार उपकारकर्त्याच्या मर्जीनेच उघडे राहते, हे येथे ध्यानात ठेवावे.

१७८२ मध्ये तो फेलो झाला. पण ठराविक मुदतीत पाद्रीपणाची दीक्षा घेतली नाही तर ही जागा जात असे. दीक्षा न घेणाऱ्यांसाठी दोनच जागा होत्या, आणि रिकामी झालेली एक कॉलेजप्रमुखाने आपल्या पुतण्याला दिली! पोर्सनने मनाविरुद्ध शपथ घेतली नाही. १७९२ मध्ये त्याची फेलोशिप गेली. मित्रांनी वर्षाला सुमारे शंभर पौंडांची सोय केली म्हणून तो जगला. त्याच वर्षी तो ग्रीकचा राजप्राध्यापक झाला. पगार वर्षाला ४० पौंड.

त्याआधी, १७९० मध्ये, बायबलमधील त्रैक्याचे एक प्रसिद्ध वचन मूळ ग्रीक पोथ्यांत नाही, ते मागाहून घुसडलेले आहे, हे त्याने ट्रॅव्हिस नावाच्या धर्माधिकाऱ्याला पत्रे लिहून पुराव्यानिशी दाखविले होते. पोथी पवित्र म्हणून तपासायची नाही, हे त्याला मान्य नव्हते. मला हा त्याचा सर्वांत मोठा गुण वाटतो.

युरिपिडीसची चार नाटके त्याने १७९७ ते १८०१ या काळात संपादित केली. त्याच्या नावाचा नियम आपल्या लघुगुरूच्या भाषेत सांगता येतो : ग्रीक शोकनाट्यातील संवादाच्या ओळीचा शेवट गुरु-लघु-गुरु अशा शब्दाने झाला, तर त्याच्या आधीचे अक्षर लघु हवे, ते अक्षर म्हणजे एकाक्षरी शब्दच असेल तर मात्र गुरु चालते. नियम मोडणारी ओळ दिसली की नकलकाराची चूक शोधावी. हा नियम कुठल्या जुन्या ग्रंथात लिहिलेला नव्हता. शेकडो ओळी मोजून त्याने तो काढला.

फोटियसच्या कोशाची त्याने हाताने केलेली नक्कल आगीत जळाली. त्याने ती पुन्हा पहिल्यापासून लिहून काढली.

दारूने त्याचे फार नुकसान केले, ते झाकण्यात अर्थ नाही. १७९६ मध्ये लग्न केले, पत्नी पुढच्याच वर्षी वारली. १८०६ पासून तो लंडन इन्स्टिट्यूशनचा ग्रंथपाल होता. २५ सप्टेंबर १८०८ रोजी, अठ्ठेचाळिसाव्या वर्षी, तो गेला. त्याच्या हस्ताक्षरावरून ग्रीक छपाईचे खिळे पाडले गेले आणि ते दीर्घकाळ वापरात राहिले. पुरले त्याला ट्रिनिटीच्याच चॅपलमध्ये.