सिस्टरचं काम कुठे सुरू होतं, कुठे संपतं? नातेवाइकांनी हे माहीत करून घ्यावं

बेळगाव : चंदगड, खानापूर, निपाणी भागातला रुग्ण मोठ्या उपचाराला बेळगावला येतो, दोडामार्ग-सावंतवाडीकडचा बांबोळीला जातो. दवाखाना कुठलाही असो, डॉक्टर राउंडला येऊन जातात; बाकीचा वेळ रुग्ण सिस्टरांच्याच हाती असतो. पण युनिफॉर्म घातलेली प्रत्येक बाई म्हणजे सिस्टर, असं आपण धरून चालतो. धोका इथूनच सुरू होतो.

सिस्टर म्हणजे नेमकं कोण?

एएनएम हा दोन वर्षांचा, जीएनएम तीन वर्षांचा आणि बी.एस्सी. नर्सिंग चार वर्षांचा अभ्यासक्रम. तो पूर्ण करून राज्याच्या नर्सिंग कौन्सिलकडे नोंदणी झाली, की ती व्यक्ती नर्स. वॉर्डातल्या मावशी, वॉर्डबॉय किंवा ब्युरोतून घरी येणारी केअरटेकर यांचं काम वेगळं. अंघोळ घालणं, भरवणं, कूस बदलणं, ताप बघणं हे त्यांनी करावं. इंजेक्शन देणं, सलाईन लावणं हे त्यांचं काम नव्हे, मग अनुभव कितीही वर्षांचा असो.

काय करता येतं, काय नाही

डॉक्टरांनी लिहून दिलेलं औषध देणं, नाडी-बीपी-ऑक्सिजन बघून नोंद ठेवणं, जखमेचं ड्रेसिंग, कॅथेटरची निगा आणि तब्येत बिघडतेय असं दिसताच डॉक्टरांना कळवणं ही नर्सची जबाबदारी. रोगाचं निदान करणं, स्वतःच्या मनाने औषध सुरू करणं किंवा डोस बदलणं तिच्या अधिकारात बसत नाही. काही ठिकाणी सरकारनेच ठरवून अधिकार दिलेले आहेत. उदाहरणार्थ, प्रसूतीचं खास प्रशिक्षण घेतलेल्या एएनएमला बाळंतपणानंतरचा रक्तस्राव रोखण्यासाठी ठराविक औषधं देता येतात.

म्हणून 'सिस्टर, अशक्तपणा आलाय, एक सलाईन लावा की' म्हटल्यावर त्यांनी नकार दिला, तर तो उद्धटपणा समजू नका. हृदय किंवा किडनीचा त्रास असलेल्या माणसाला नको असलेली सलाईन दिली तर पाणी फुप्फुसात साठू शकतं. तसंच एखादी ऑर्डर शंकास्पद वाटली तर डॉक्टरांना परत विचारणं हेही नर्सचं कामच आहे. फोनवरून मिळालेली ऑर्डर लिहून घेऊन परत वाचून दाखवायची असते, ती याचसाठी.

वॉर्डात तीन पाटील असतात तेव्हा

औषध देताना पाच गोष्टी बघायच्या असतात : योग्य रुग्ण, योग्य औषध, योग्य मात्रा, योग्य मार्ग आणि योग्य वेळ. आपल्या भागात पहिलीच गोष्ट अवघड. एका वॉर्डात तीन पाटील सहज निघतात. त्यात रुग्ण मराठी बोलणारा, सिस्टर कन्नड किंवा मल्याळम बोलणारी आणि केसपेपर इंग्रजीत. 'तुम्ही पाटील ना?' असं विचारलं, की झोपेतला म्हातारा माणूस 'हो' म्हणून मोकळा होतो. म्हणून प्रश्न 'तुमचं पूर्ण नाव काय?' असा हवा, आणि उत्तर हातपट्टीवरच्या नावाशी व आयपी नंबरशी जुळवून बघायला हवं. खाट नंबरवर विसंबून चालत नाही, कारण खाटा बदलतात. भाषा कळत नसेल तर मान डोलवू नका, दुभाष्या मागा. कुठल्या औषधाची ॲलर्जी असेल तर ती दाखल होतानाच लिहून घ्यायला सांगा.

इन्सुलिनची सिरिंज नीट बघा

घरी सर्रास होऊ शकणारी ही चूक. आपल्याकडे इन्सुलिनच्या बाटल्या 40 युनिट आणि 100 युनिट प्रति मिलिलिटर अशा दोन्ही मिळतात. 40 साठी साधारण लाल टोपणाची सिरिंज, 100 साठी केशरी. डॉक्टरांनी 20 युनिट सांगितलेत आणि 100 ची बाटली लाल टोपणाच्या सिरिंजने 20 च्या खुणेपर्यंत भरली, तर अंगात जातात 50 युनिट! साखर एकदम खाली येऊन रुग्ण बेशुद्ध पडू शकतो. उलट केलं, तर 20 ऐवजी फक्त 8 युनिट जातात. बाटलीवरचा आणि सिरिंजवरचा आकडा जुळला तरच टोचा.

घरी आणल्यावर

* रुग्णाला हात लावण्याआधी आणि नंतर साबणाने 40 ते 60 सेकंद हात धुवा.
* अंथरुणाला खिळलेल्या माणसाची कूस साधारण दर दोन तासांनी बदला. पाठ, टाचा, माकडहाड रोज बघा. लालसर डाग म्हणजे बेडसोअरची सुरुवात.
* नाकातल्या नळीतून पातळ अन्न देताना डोक्याकडची बाजू 30 ते 45 अंश उंच ठेवा, नंतरही अर्धा तास तशीच. नळी निघाली तर परत आत सरकवू नका.
* ऑक्सिजनचा प्रवाह आपल्या मनाने वाढवू नका.
* दम लागला, रुग्ण नीट बोलेनासा झाला किंवा गुंगीत गेला, तर ओळखीच्या सिस्टरला फोन करत बसू नका. 108 ला फोन करा. ही सेवा कर्नाटक, महाराष्ट्र आणि गोवा तिन्हीकडे आहे.

घरी नर्स ठेवणार असाल, तर पगाराचं बोलण्याआधी नर्सिंग कौन्सिलचं नोंदणीपत्र मागा. आणि डिस्चार्ज घेताना प्रत्येक औषधाचं नाव, मात्रा, वेळ मराठीत कागदावर लिहून घ्या. तेवढी पाच मिनिटं सिस्टरांकडे हक्काने मागा.