मुळाशी आलेली माती

कुशल माळी एखादे रोप एका वाफ्यातून काढून दुसऱ्या वाफ्यात लावतो, तेव्हा मुळांशी चिकटलेली जुनी माती तो झाडून टाकीत नाही. तिच्या आधारानेच रोप नव्या जागी तग धरते. मनुष्याचेही असेच आहे. आपण होऊन गाव सोडणे निराळे आणि जिवाच्या भीतीने घरदार टाकून निघणे निराळे. अशा निर्वासितांना अन्न, वस्त्र, निवारा व औषध तर हवेच. परंतु आपली भाषा, आपले सण आणि आपली माणसे यांचा आधारही त्यांच्या प्रकृतीला लागतो. भारतात आश्रयास आलेल्या तिबेटी लोकांची हकीकत याची साक्ष देते.

तिबेट हा हिमालयापलीकडील अतिशय उंच पठाराचा प्रदेश आहे. ल्हासा हे तेथील मुख्य नगर समुद्रसपाटीपासून सुमारे ३,६५० मीटर उंचीवर वसलेले आहे. तेथील हवा थंड, कोरडी व विरळ. भाजलेल्या जवाचे पीठ, म्हणजे 'त्साम्पा', आणि लोणी व मीठ घातलेला चहा हा लोकांचा नित्याचा आहार. १९५० साली चिनी सैन्य तिबेटात शिरले. मार्च १९५९ मध्ये ल्हासात चिनी सत्तेविरुद्ध उठाव झाला व तो मोडून काढण्यात आला. तेव्हा तिबेटी बौद्धांचे धर्मगुरू दलाई लामा भारतात आले. त्यांच्या मागोमाग सुमारे ८०,००० लोक बर्फाच्या खिंडी ओलांडून येऊन पोहोचले.

यांपैकी पुष्कळांना प्रथम आसामातील मिसामारी येथील छावणीत ठेवण्यात आले. तेथील हवा उष्ण व दमट. यांच्या अंगावर मात्र जाड लोकरी वस्त्रे! अन्न अनोळखी, पाणी अनोळखी. पठारावर क्वचित आढळणारे रोग येथे त्यांना जडू लागले. दाटीच्या वस्तीत क्षयाचे जंतू खोकल्यावाटे एकाकडून दुसऱ्याकडे सहज पसरत. म्हणून अनेकांना हिमालयातील थंड भागात रस्ते बांधण्याच्या कामावर पाठविण्यात आले. पण तेथील कष्ट भारी होते आणि मुलांची आबाळ होई.

मे १९६० मध्ये रस्त्यावरील छावण्यांतून ५१ मुले धर्मशाळा या गावी आणण्यात आली. त्यांतील कित्येक आजारी व कुपोषित होती. दलाई लामांची थोरली बहीण त्सेरिंग डोल्मा हिने त्यांचा सांभाळ पत्करला. त्यातूनच पुढे तिबेटी बालग्राम उभे राहिले. तेथे मुलांना कुटुंबासारख्या घरांत ठेवतात आणि प्रत्येक घराला एक गृहमाता असते. आजारी बालकाला 'कोठे दुखते?' हे त्याच्याच भाषेत विचारणारे कोणी नसेल, तर वैद्याने तरी काय करावे? एकाकीपणाने भूक मंदावते, झोप उडते आणि शरीर अधिकच खंगते. पंतप्रधान पंडित नेहरू यांनीही तिबेटी मुलांसाठी स्वतंत्र शाळा काढण्यास पाठिंबा दिला.

हळूहळू त्यांच्या वसाहती वसल्या. कर्नाटकात बैलकुप्पे येथे त्यांनी रान साफ करून शेती केली. महाराष्ट्रातही गोंदिया जिल्ह्यातील गोठणगावाजवळ त्यांची एक वसाहत आहे. एकत्र राहिल्यामुळे 'लोसार' हा नववर्षाचा सण, भाषा व आपसांतील साहाय्य टिकून राहिले.

त्यांनी आपले वैद्यकही बरोबर आणले. ल्हासात १९१६ साली स्थापन झालेली वैद्यकसंस्था १९६१ साली धर्मशाळेत पुन्हा सुरू झाली. या शास्त्रात शरीरातील तीन दोष मानले आहेत. ते आयुर्वेदातील वात, पित्त व कफ यांची आठवण करून देतात; कारण वाग्भटाचा 'अष्टांगहृदय' हा ग्रंथ शतकांपूर्वी तिबेटी भाषेत गेला होता. भारतातून गेलेली विद्या निर्वासितांसोबत भारतात परतली! २०१० साली भारत सरकारने या वैद्यकास मान्यता दिली.

तथापि जुने ते सारे पुरेसे असते असे नाही. क्षयाचे जंतू मायेच्या शब्दांनी मरत नाहीत. त्यासाठी आधुनिक औषधे अनेक महिने न चुकता घ्यावी लागतात. म्हणून धर्मशाळेतील डेलेक रुग्णालयाने शाळांतील मुले तपासून रोग वेळीच शोधण्याचे काम हाती घेतले. औषध मध्येच का सोडू नये, हे रोग्याला त्याच्या भाषेत, त्याच्या विश्वासातील माणसाने सांगितले, तर ते त्याला पटते.

मुळाशी आलेली माती रोपाला सावरते; परंतु वाढण्यासाठी त्याला नव्या जमिनीतही मुळे सोडावी लागतात. आश्रय देणाऱ्याने ती माती झाडून टाकू नये आणि आश्रितानेही नव्या जमिनीचा गुण घ्यावा, यातच दोघांचे हित आहे.