शालूचे वेष्टन: काढावे की ठेवावे?

वडोदऱ्याच्या जुन्या शहराला चार वेशी. त्यांतील पश्चिमेची लहरीपुरा. तेथील कापडपेठेतून घेतलेला शालू असो वा गोव्यातील घरात आजीकडून आलेली पैठणी, साडी बहुधा प्लॅस्टिकच्या पिशवीतच कपाटात राहते. ते योग्य आहे का?

उत्तर वेष्टन कशाचे आहे, यावर अवलंबून आहे. सिगार मुरवताना सेलोफेन काढावे की नाही, असा वाद शौकिनांत चालतो. तेथे दोन्ही चालते. कारण सेल्युलोजपासून बनलेल्या साध्या सेलोफेनमधून बाष्प ये-जा करते. वेष्टनात मुरण्याची गती मंदावते, इतकेच.

साडीची पिशवी मात्र बहुधा पॉलिथीनची असते. ती बाष्प कोंडून धरते. पावसाळ्यात आत राहिलेला ओलावा रेशमावर बुरशी आणतो आणि जर काळवंडण्यास हातभार लावतो. चांदीची जर काळी पडते ती हवेतील गंधकयुक्त वायूंमुळे. दमटपणात ही क्रिया वेग घेते. पीव्हीसीचे वेष्टन तर जुने होताना आम्लही सोडते.

म्हणून साडीचे वेष्टन काढावे. धुतलेल्या, बिनखळीच्या पांढऱ्या मलमलीत ती गुंडाळावी. खळ किडीला आमंत्रण देते. डांबरगोळ्या जरीला टेकू देऊ नयेत. दर तीन-चार महिन्यांनी घडी बदलावी, अन्यथा रेशीम घडीवरच चिरते. पावसाळा सरल्यावर साडीला सावलीत हवा द्यावी, उन्हात नव्हे.

काळवंडलेली जर चकाकवता येईलही. चिरलेले रेशीम पूर्ववत होत नाही.