लोणारचा निवांत मुक्काम

विश्रांतीसाठी समुद्रापारच्या एखाद्या दूरस्थ बेटावरच गेले पाहिजे अशी ज्यांची समजूत असेल, त्यांनी बुलढाणा जिल्ह्यातील लोणार या कसब्यात दोन दिवसांच्या मुक्कामाची तजवीज करावी. कारण अशनिपाताने काळ्या बेसाल्ट खडकात खोदलेले सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे विवर आणि त्याच्या तळाशी वनराईने वेढलेले खारट, अल्कधर्मी सरोवर यांसारखे एकांतस्थान आपल्या मुलुखात विरळेच. रेल्वेने जालन्यास उतरून पुढचा प्रवास मोटारीने करावा. ऋतू हिवाळ्याचा निवडावा. काठावरून तासाभरात छायाचित्रे घेऊन परतणाऱ्यांची मला कीव येते. प्रातःकाळी, ऊन चढण्यापूर्वी, गोड्या पाण्याच्या अखंड धारेजवळून सावकाश खाली उतरावे, कमळजा देवीच्या मंदिरापाशी विसावावे, आणि सायंकाळ गावातल्या दैत्यसूदन मंदिराच्या शिल्पवैभवासाठी राखून ठेवावी. जून २०२० मध्ये सरोवराचे पाणी क्षारप्रिय सूक्ष्मजीवांमुळे गुलाबी झाले होते. त्याच वर्षी सरोवराला रामसर पाणथळाचा दर्जा लाभला. हे वन्यजीव अभयारण्य आहे, तेव्हा वाचकहो, खाली नेलेला प्रत्येक जिन्नस, रिकामी बाटलीसुद्धा, वर परत आणावा.