दगडाचा चिवटपणा

लासलगावच्या परिसरात विहीर खणताना काळी माती आणि मुरूम संपला, की काळा पाषाण लागतो. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी भूगर्भातून बाहेर आलेला लाव्हारस थिजून हा बेसाल्ट बनला. त्याच्यावर पहार मारली, तर हातालाच झिणझिण्या येतात. परंतु पाथरवट त्याच्याशी झुंजत बसत नाही. तो शिळेवर एका रेषेत लहान लहान खाचा पाडतो, त्यांत पोलादी पाचरी बसवतो आणि त्यांवर आळीपाळीने घणाचे घाव घालतो. थोड्याच वेळात शिळा नेमकी त्या रेषेवर दुभंगते.

याचे कारण असे, की दगड दाब पुष्कळ सोसतो. ओढ मात्र त्याला मुळीच सोसवत नाही. दाबाच्या सुमारे दहाव्या हिश्शाएवढी ओढही त्याला फोडण्यास पुरते. त्यातही अंगावर चीर असेल, तर सारा ताण तिच्या टोकाशी एकवटतो. काच अपेक्षेपेक्षा फार कमी ताणाने फुटते ती अशा बारीक चिरांमुळेच, हे ग्रिफिथ या इंग्रज शास्त्रज्ञाने १९२० च्या सुमारास दाखवून दिले.

काँक्रीटही असेच ठिसूळ. ११ डिसेंबर १९६७ रोजी झालेल्या भूकंपात कोयना धरणाच्या वरच्या भागात, जेथे भिंतीचा उतार एकाएकी बदलतो तेथे, आडव्या भेगा पडल्या. धरण उभे राहिले. पण या भेगा वाढतील काय, हा खालच्या गावांच्या जिवाचा प्रश्न होता. पुढे भेगा बुजवून आणि आधारभिंती बांधून धरण बळकट करण्यात आले.

भेग वाढू न देण्याच्या गुणाला चिवटपणा म्हणावे. तो मोजण्याची एक रीत आंतरराष्ट्रीय शिला-यांत्रिकी संस्थेने २०१४ साली सुचविली. हिऱ्याचे कण बसविलेल्या पोकळ गिरमिटाने दगडातून दंडगोल काढतात, त्याची चकती कापतात आणि चकतीचे दोन अर्धगोल करतात. सरळ कडेच्या मध्यावर करवतीने बारीक खाच पाडतात. खाच रुंद झाली, तर दगड आहे त्याहून चिवट भासतो. म्हणून येथे कारागिराचा हात फार सांभाळावा लागतो. मग खाच खाली करून तो तुकडा दोन रुळांवर ठेवतात व वरून यंत्राने सावकाश भार वाढवतात. खाचेच्या टोकातून भेग निघते, आणि ‘कट्’ असा आवाज होऊन तुकडा दुभंगतो. त्या क्षणापर्यंतचा सर्वांत मोठा भार, खाचेची लांबी आणि तुकड्याची मापे यांवरून चिवटपणाचा आकडा निघतो. एका तुकड्यावर मात्र कोणी विसंबत नाही. कारण एकाच खाणीतील एक दगड घट्ट, तर दुसरा छिद्रांनी भरलेला असतो.